दिवाळीनंतर वाडी कुठे जाते?

नाताळच्या आठवड्यात आमच्याकडच्या कातकरीवाड्या अर्ध्या रिकाम्या असतात. कुडाच्या घरांची दारे सुतळीने बांधलेली, चुली थंड, अंगणात कोंबडीसुद्धा नाही. मागे राहतात ती म्हातारी माणसे, एखादी बाळंतीण, आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेली दोन-चार मुले. बाकीचे दिवाळी आटोपून वीटभट्टीवर गेलेले असतात. कुणी पनवेलच्या बाजूला, कुणी कल्याण-भिवंडीकडे, कुणी कोळसा पाडायला थेट घाटावर किंवा कर्नाटकात. ते परत येणार पावसाच्या तोंडावर.

आणि नेमक्या याच आठवड्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या बसगाड्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत येतात. ब्लँकेटांचे गठ्ठे, मुलांसाठी खाऊ, गिटार, ढोलकी, बॅनर. तरुण संघाची पोरे-पोरी उत्साहाने उतरतात, दोन गाणी होतात, एखादी छोटी नाटिका, प्रार्थना, वाटप, फोटो. संध्याकाळी पाचच्या आत बस परतीला लागते, कारण एक्स्प्रेसवेवर गर्दी होते. याला कुणी आउटरीच म्हणते, कुणी मिशन ट्रिप. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे आणि कित्येकदा त्या बसला वाट दाखवायला पुढे बसलो आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी कर्जतला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी मंडळीतला माणूस आहे, बाहेरून बोट दाखवणारा नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाटपात एका म्हातारीने ब्लँकेट घेतले, घडी मोडून पाहिली, पुन्हा घातली आणि मला विचारले, "पोरं भट्टीवर गेली. त्यांना कुठं गाठाल?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत, तर पुढेही जाणारच असू, असे तिने सरळ गृहीत धरले होते. मी तिला काहीतरी बोललो आणि बसकडे वळलो. तो प्रश्न मात्र मला सोडत नाही. हा लेख त्याच प्रश्नावर आहे.

मिशन म्हणजे आपल्या मंडळीच्या कुंपणापलीकडे जाणे, हे आम्हाला रविवारच्या शाळेपासून शिकवलेले असते. पण पलीकडे म्हणजे नकाशावर कुठे, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात, हे कुणी शिकवत नाही. जाणाऱ्याच्या सुट्टीवर प्रवासाची तारीख ठरते. ज्याच्याकडे जायचे त्याचे वर्ष कसे फिरते, हे विचारलेच जात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: आपण वाडीला जातो, पण वाडीतली माणसे जिथे जातात तिथे जात नाही. आणि जोवर तिथे जात नाही, तोवर मंडळीच्या पलीकडे आपले पाऊल पडलेच नाही.

आमच्या भागावरून जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचे तर होडीने पनवेल, मग चौक, खालापूर, खोपोली आणि बोरघाट. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर 1825 च्या पावसाळ्यात याच वाटेने पुण्याला गेला. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि तळे आहे, ते त्याने पाहिले, वहीत टिपले आणि तो घाट चढला. पुढे 1830 मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. 1856 मध्ये रेल्वे पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि 1863 मध्ये पंचवीस बोगदे पार करून ती बोरघाट चढली. तेव्हापासून कर्जत म्हणजे गाडीला मागून जादा इंजिने लावण्याचे ठिकाण. गाडी थांबते, लोक वडा घेतात, इंजिने जोडली जातात, गाडी निघते.

मिशनऱ्यांचेही तसेच झाले. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगर गाठले आणि पुढे तेच त्यांचे मोठे केंद्र झाले. स्कॉटिश मिशन आधी दक्षिण कोकणात बाणकोट-हर्णैच्या बाजूला आणि मग पुण्यात स्थिरावले. शाळा, दवाखाने, छापखाने, ज्ञानोदयसारखे नियतकालिक हे सारे घाटावर किंवा मुंबईत. मधला डोंगरपट्टा, म्हणजे ठाकर आणि कातकऱ्यांचा मुलूख, गाडीच्या खिडकीतून दिसत राहिला. वर माथेरानला थंड हवेसाठी येणाऱ्या साहेबांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून सेंट पॉल चर्च उभे राहिले. लाकडाच्या मोळ्या आणि भाजी घेऊन जी माणसे ते डोंगर चढत होती, त्यांच्यासाठी ते बांधलेले नव्हते. मी हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. माणसे थोडी होती, मुलूख मोठा होता. पण कर्जत-खालापूर हा मिशनच्या इतिहासात 'वाटेत लागणारा' भाग राहिला, आणि आजची ब्लँकेटांची बससुद्धा त्याच सवयीने येते व जाते, असे मला वाटते.

या सवयीच्या उलट वागलेला माणूस आमच्याच परंपरेत आहे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत सॅम्युएल नॉटबरोबर मुंबईत उतरला. 1818 मध्ये त्याने सॅम्युएल न्यूएलबरोबर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जगात साठ कोटी लोकांपर्यंत सुवार्ता पोचलेली नाही, त्यांच्यासाठी किती माणसे लागतील, किती पैसा लागेल, अमेरिकेतल्या मंडळ्यांना हे कसे झेपेल, याचा त्यात हिशेब होता. आज ती वाचताना तिचा आत्मविश्वास अंगावर येतो. पण हा हिशेब मांडणारा माणूस मुंबईत बसून राहिला नाही. तो मराठी शिकला आणि पायी दौऱ्यावर जात राहिला. 1826 च्या मार्चमध्ये तो नाशिककडे गेला तेव्हा तिथे पटकी पसरली होती. त्याने जवळची औषधे आजाऱ्यांना वाटली आणि तो परत फिरला. सिन्नरजवळ दोडी-दापूर इथे तो रात्री एका देवळाच्या ओसरीत टेकला, पहाटे त्यालाच पटकीने धरले, आणि 20 मार्चला तो गेला. वय 41. सोबत हाताखालची दोन पोरे होती, बाकी कुणी आपले नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, बिशप हेबर तिकडे तिरुचिरापल्लीला दौऱ्यावरच वारला.

साठ कोटींचा आकडा मांडणाऱ्या माणसाचा शेवट एका परक्या गावातल्या देवळाच्या ओसरीत झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे तो देणारा उरला नव्हता. औषधे संपली होती. हिंदू गावाने त्याला ओसरी दिली, म्हणून त्याला शेवटचे अंग टाकायला जागा मिळाली. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो, तेव्हा थैली, झोळी, जादा जोडे काही नेऊ देत नाही. जे घर आत घेईल तिथेच राहायचे, पुढ्यात येईल ते खायचे. आपण हा भाग त्यागाचा धडा म्हणून वाचतो. मला त्यात त्याहून व्यवहारी गोष्ट दिसते. रिकाम्या हाताने गेलेला माणूस पाहुणा असतो, आणि पाहुण्याला यजमान नाही म्हणू शकतो. दार लावून घेऊ शकतो. ज्याला नाही म्हणता येते त्याचे हो खरे असते.

आपली बस भरलेल्या हातांनी येते. ज्या बाईने आत्ताच ब्लँकेट घेतले, ती पुढच्या प्रार्थनेला नाही कशी म्हणेल? ती बसते, टाळी वाजवते, मान हलवते. आपण त्याला प्रतिसाद समजतो. मी वाटपाच्या वेळी लोकांचे चेहरे पाहिले आहेत. ते ऐकत नसतात असे नाही, पण त्यांचे डोळे गठ्ठ्यावर असतात आणि ते स्वाभाविक आहे. अशा वेळी सांगितलेल्या सुवार्तेवर ब्लँकेटाची सावली पडते, आणि ब्लँकेटावर सुवार्तेची. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत. एकत्र बांधल्या की दोन्ही डागाळतात.

इथे धर्मांतराचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे हा प्रसार, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. या निकालावर ख्रिस्ती मंडळींत बरीच नाराजी आहे. तिची कारणे मला कळतात. पण त्या निकालाच्या गाभ्यातली एक गोष्ट मला ख्रिस्ती म्हणूनही मान्य करावी लागते: श्रद्धा ही ऐकणाऱ्याची गोष्ट आहे, सांगणाऱ्याच्या हातची नव्हे. पवित्र आत्म्याचे काम आपण आपल्या अहवालात भरू नये. आणि वाडीतल्या माणसाकडून भीक, भीती किंवा भुरळ यांपैकी कशानेही मिळवलेला होकार देवापुढे मोजला जात असेल, असे मला वाटत नाही. मी सुवार्ता सांगण्याच्या विरोधात मुळीच नाही. ती सांगावी, मोकळेपणाने सांगावी. पण ज्याला उठून जाण्याची मुभा आहे, त्यालाच.

कातकऱ्याला आयुष्यात नाही म्हणण्याची मुभा फार थोड्या ठिकाणी मिळते. खैरापासून कात काढणारे म्हणून त्यांचे नाव पडले. जंगल सरकारी झाले आणि कात गेला, कोळसा पाडणे उरले, तेही आटले. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित आदिम जमात मानते, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. त्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. पिढ्यान्पिढ्या राहूनही घराखालची जागा नावावर नाही. कर्जतला फार्महाऊस आणि सेकंड होमचे पेव फुटल्यापासून त्या जमिनीला भाव आला, आणि जो भाव आला तो वाडीच्या मुळावर आला. वीटभट्टीचा मालक म्हणजे शेठ, पावसाळ्यात घरात दाणे नसताना बयाना देतो. लग्न, आजारपण, बारसे, रेशन, सगळे त्या बयान्यातून निघते. मग दिवाळीनंतर जोडप्याने, पोराबाळांसकट, भट्टीवर जाऊन तो फेडायचा. आठवड्याला खर्ची मिळते, ती पोटाला जाते. हंगाम संपता हिशेब होतो, आणि बहुतेकांच्या अंगावर काही ना काही फिरते. ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 चा आहे. कायद्याच्या भाषेत यातले बरेच काही वेठबिगारी ठरेल. पण कायद्याला कागद लागतो, आणि हिशेबाचा कागद शेठच्या खिशात असतो.

आता त्या म्हातारीचा प्रश्न पुन्हा वाचा. त्यांना कुठं गाठाल?

गाठणे अशक्य नाही. ते ज्यांनी करून दाखवले ते चर्चचे नव्हते, हे मी मान खाली घालून लिहितो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करत होत्या, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले कुरणात असतात म्हणून शाळा कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फलकावर दिसतो, पण त्यामागे कुणाकडे कुणी जायचे याचा एक मोठा निर्णय आहे. पुढे विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजूर राहतात ती झोपडी. मुले जिथे राहतात तिथेच, तसल्याच झोपडीत, शाळा. या लोकांनी स्थलांतराला अडथळा न मानता पत्ता मानले. आमच्या मंडळीने हे आधी करायला हवे होते. आमचा सगळा जुना करार वाटेवरच्या लोकांबद्दल आहे, तंबूत राहणाऱ्या देवाबद्दल आहे. इजिप्तमध्ये विटा थापणाऱ्या गुलामांची गोष्ट आम्ही दर वर्षी वाचतो. गवत मिळत नाही तरी विटांचा आकडा कमी होत नाही, ही तक्रार त्या गोष्टीत आहे. ज्यांच्या धर्मग्रंथाची सुटकेची मूळ गोष्टच विटा थापण्यापासून सुरू होते, त्यांना आज विटा थापणारे दिसत नाहीत, हे मला सहन होत नाही.

आणि विटा कुठे जातात, हेही पाहायला हवे. कल्याण, भिवंडी, पनवेलच्या पट्ट्यातल्या विटांनी मुंबई आणि तिची उपनगरे वाढली. ज्या इमारतीच्या फाटकातून बस निघते, त्या इमारतीच्या भिंतीत या वाड्यांमधल्या हातांनी थापलेली वीट असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे आपले नाते नाताळच्या दिवशी सुरू होत नाही. ते आधीच आहे, आणि त्यात देणेकरी आपण आहोत.

छोट्या प्रवासांच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. शहरातल्या मुलामुलींना एका दिवसात का होईना, दुसरे जग दिसते, त्यातला एखादा पुढे आयुष्यभर त्या कामात पडतो. मी अशी एक-दोन माणसे ओळखतो. आणखी एक मोठे उदाहरण प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी असते. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, दोघे कवितेबद्दल बोलले, उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत ही हकिकत सांगितली आहे. तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना पुढे कळलेही नाही. एका प्रवासातल्या एका भेटीने मराठी ख्रिस्ती साहित्याचा चेहरा बदलला, मग एका दिवसाच्या ट्रिपला का हसायचे?

मी हसत नाही. पण ती भेट नीट पाहावी. तो गृहस्थ टिळकांना भेटायला निघाला नव्हता, दोघे एकाच गाडीने आपापल्या कामाला चालले होते. दोघांनी तिकीट काढले होते. टिळक त्याच्याकडून काही मागत नव्हते, त्यांना डब्यात मान वळवून खिडकीबाहेर पाहण्याची पूर्ण मोकळीक होती. बोलणे कवितेवर होते, आणि त्या विषयात टिळक कुणाहून कमी नव्हते. त्या भेटीची ताकद तिच्या थोडक्या वेळात नव्हती, त्या बरोबरीत होती. आपल्या बसमध्ये ती बरोबरी नसते. शिवाय टिळक बदलले ते एका पुस्तकाने, हे खरे, पण ते टिकले ते नगरच्या मंडळीत, वर्षानुवर्षे, भांडत-झगडत. आणि शेवटी 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या पगारावर असताना आपल्या लोकांशी पूर्ण बरोबरीने बोलता येत नाही, हे त्यांना जाणवले होते, असे मी त्या निर्णयाचे वाचन करतो. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. तो प्रयोग अपुरा राहिला. मराठी मंडळीने तो पुन्हा उचलला नाही.

पंडिता रमाबाईंचाही एक प्रवास इथे आठवायला हवा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे स्त्रिया आणि मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले, आणि त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. रमाबाई स्वतः भटकंतीत वाढलेल्या होत्या, आई-वडील दुष्काळात गमावलेल्या होत्या. जे पाहायला गेल्या ते त्यांना ओळखीचे होते. त्या प्रवासाची किंमत त्यांनी पुढची पंचवीस वर्षे मोजली, 1922 मध्ये मरेपर्यंत. पाहून आल्यावर न पाहिल्यासारखे राहता येत नाही, इतका सरळ त्यांचा व्यवहार होता.

माझी तक्रार शहरातल्या मंडळ्यांपुरती नाही. बस येण्याआधी इथल्या पाळकांना फोन येतो: शंभर माणसे जमवून द्या, वाट दाखवा, गावच्या लोकांना सांगून ठेवा. इथली छोटी मंडळी म्हणजे जणू जादा इंजिन, गाडी घाट चढेपर्यंत जोडायचे आणि मग सोडून द्यायचे. हे चुकीचे आहे. पण आम्ही तरी काय केले आहे? आमच्या मंडळ्या स्टेशनच्या आसपासच्या. नोकरी, बदली, रेल्वे, शाळा, दवाखाना यांच्या निमित्ताने आलेल्या माणसांच्या. आमच्या उपासनेत रविवारी किती ठाकर आणि किती कातकरी आमच्या बाजूला, त्याच बाकावर बसतात, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. वाडी तीन किलोमीटरवर असते. आमची भाजी ठाकराच्या टोपलीतून येते, आमच्या घराचे बांधकाम कातकऱ्याने केलेले असते. स्थानिक मंडळीच्या पलीकडे जाणे हे मुंबईकरांचे काम आणि आमचे काम पलीकडे दाखवणे, अशी वाटणी आम्हीच करून घेतली आहे. ती सोयीची आहे म्हणून टिकली.

येऊन जाण्याची सवय संकटातही दिसली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकरवाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वर यंत्रे नेता येत नव्हती, कारण वर रस्ताच नव्हता. जवानांनी आणि गावकऱ्यांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. हेबर दोनशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने गेला ती वाट या डोंगराच्या पायथ्यावरून जाते, आणि आजचा एक्स्प्रेसवेही. त्या आठवड्यात खाली मदतीची रीघ लागली. सगळ्या धर्मांच्या, सगळ्या पक्षांच्या संस्था आल्या, आमच्याही मंडळ्या आल्या. त्यांचे येणे खरे होते, रडणेही खरे होते. पण वाचलेली माणसे कंटेनरच्या खोल्यांत राहायला गेली आणि महिन्यामागून महिने जाऊ लागले, तेव्हा बसगाड्या विरळ झाल्या. दुःखाचा पहिला आठवडा सगळ्यांचा असतो. चाळिसावा आठवडा कुणाचा, हे ठरवणारी मंडळी मला हवी आहे.

मग काय करावे, असे मला विचारले जाते तेव्हा मी मोठे काही सांगत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाकडे पैसा कधी फार नव्हता, पण नर्स, शिक्षक, कारकून, रेल्वेवाले, बँकेतून निवृत्त झालेले लोक भरपूर आहेत. ज्यांना आकडे नीट लिहिता येतात, औषधाची बाटली वाचता येते, साहेबाच्या टेबलापुढे उभे राहून अर्ज पुढे सरकवता येतो, अशी माणसे. वीटभट्टीवर नेमकी याच माणसांची गरज आहे. एका मंडळीने एक भट्टी घ्यावी, एकच. नोव्हेंबर ते मे, दर पंधरा दिवसांनी तीच दोन-तीन माणसे तिथे जावीत. गिटार नको, बॅनर नको. प्रत्येक जोडीच्या नावाने एक वही: बयाना किती घेतला, आठवड्याची खर्ची किती, किती हजार विटा पडल्या. वही मजुराकडे राहील, आपल्याकडे नाही. पोरांच्या लसी झाल्या का, गरोदर बाईची नोंद कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, रेशनकार्ड गावातच अडकले आहे की इथल्या दुकानात चालते, जातीचा दाखला आहे का, मुलाचे नाव वाडीच्या शाळेतून कमी तर झाले नाही. कुणाला सही करायला शिकायचे असेल तर तेही.

यावर मंडळीच्या एका वडिलांनी मला सभेत विचारले, "हे समाजकार्य झाले, यात मिशन कुठे आले?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी तो झटकत नाही. माझे उत्तर असे, की चौदा वेळा जाऊन वही लिहिणाऱ्या बाईला कधी ना कधी कुणीतरी विचारेलच, ताई, तुम्ही का येता? तेव्हा तिने जे खरे आहे ते सांगावे, एक शब्दही लपवू नये. पौलाने तंबू शिवून पोट भरले आणि शिवता शिवता बोलला. विचारल्यावर दिलेले उत्तर आणि वाटपानंतर ऐकवलेले प्रवचन यांत मला फार मोठे अंतर दिसते. आणि समजा कुणीच विचारले नाही, सात महिने गेले आणि कुणालाही आमच्या देवाचे नाव ऐकावेसे वाटले नाही, तर? तरीही त्या वह्या खोट्या ठरत नाहीत. शेठने त्यातल्या एका जोडीला दोन हजार जास्त लावले असतील तर ते वहीत दिसेल. ख्रिस्ताने आजाऱ्यांना बरे केले तेव्हा दहांतला एकच आभार मानायला परत आला, आणि बाकीच्या नऊ जणांचा आजार त्यासाठी परत आणला गेला नाही.

शेठचा विरोध होणार, हे गृहीत धरावे. भट्टी त्याच्या जागेवर असते, बाहेरची माणसे त्याला नको असतात. कधी कधी तो मंडळीला वर्गणी देणाराही असू शकतो, किंवा मंडळीतल्या एखाद्या बिल्डरला विटा पुरवणारा. तेव्हा कोणाच्या बाजूला बसायचे हा प्रश्न ब्लँकेट वाटताना कधीच येत नाही, वही लिहिताना पहिल्याच महिन्यात येतो. म्हणूनही मला वहीवर विश्वास वाटतो.

आणि तारीख. बस नाताळात येऊ नये असे मी म्हणत नाही, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना थंडी वाजतेच. पण वाडी भरलेली असते ती पावसात. तेव्हा वाटा चिखलाच्या असतात, ओढे भरलेले असतात, म्हणून जून ते सप्टेंबर कुणी ट्रिप काढत नाही. श्रावणात घरातले दाणे संपलेले असतात, रानातल्या भाज्यांवर आणि ओढ्यातल्या खेकड्यांवर दिवस निघतात, कामाला बाहेर पडता येत नाही. याच दिवसांत शेठचा मुकादम वाडीत येतो. त्याला चिखल अडवत नाही. तो अंगणात बसतो, नावाने हाक मारतो, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कुणाची म्हातारी आजारी आहे, हे त्याला तोंडपाठ असते. गौरी-गणपती ते दिवाळी या काळात बयाना हातात पडतो आणि पुढचे सात महिने त्याच क्षणी विकले जातात.

जायचे तर त्याच्या आधी जावे लागेल. सकाळची कर्जत लोकल, पुढे एसटी किंवा टमटम, शेवटचा तुकडा पायी, छत्री घेऊन. हातात गठ्ठा नसावा. कुणी ये म्हटले तर ओसरीवर बसावे, काळा चहा दिला तर प्यावा, आणि यंदा कुणाला किती लागणार आहे हे आधी ऐकून घ्यावे.